अनोळखी नंबर

कराडच्या दवाखान्यात, पायाला प्लास्टर घातलेल्या हेरंबनं सिस्टरच्या मोबाइलवरून आईला फोन लावला. अपघातात त्याचा फोन चिरडला होता आणि पाठ असलेला नंबर हा एकच.

“आई, मी हेरंब. मला जरा लागलंय, पण...”

“हा नंबर त्याचा नाही. हल्ली हुबेहूब आवाज काढून लुबाडतात, माझ्या मुलानंच सांगितलंय मला. लाज नाही वाटत, म्हाताऱ्या बाईला फसवायला?”

फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. आईनं नंबर ब्लॉक केला होता. सहा महिने दर रविवारी डोकेफोड करून त्यानंच तिला ते शिकवलं होतं.

“पोचला का निरोप?” सिस्टरनं विचारलं.

“नाही,” थकून उशीवर डोकं टेकत तो म्हणाला, “पण आईची आता काळजी नाही.”