चालू की बंद?

"दोन्ही चिप पॉवर फॅक्टरच्या चाचणीला पास होतायत ना? मग स्वस्तातली घे आणि विषय संपव," भोइटेकाका म्हणाले. एका लेथ-शॉपच्या दिव्यांची ऑर्डर होती आणि दिव्याला वीज पुरवणाऱ्या बक सर्किटमधली कंट्रोलर चिप अजून ठरत नव्हती. कारखाना काकांचा, डिझाइन ऋजुताचं.

"काका, स्वस्त चिपवर दिवा सतत लुकलुकतो. डोळ्यांना कळत नाही, इतकंच."

"डोळ्यांना कळत नाही त्याचे पैसे गिऱ्हाईक कशाला देईल?"

ऋजुता त्यांना मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. तिथे कॉम्प्रेसरने कान बधिर केले होते. कारखान्यातल्या लेथवर तिने स्वस्त चिपचा तोच दिवा टांगला होता.

"लेथ चालू आहे की बंद?" तिने ओरडून विचारलं.

काका हसले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टर्नर म्हणून काढली होती. चकचे, म्हणजे लेथच्या फिरत्या तोंडाचे, चारही जबडे त्यांना जागच्या जागी स्वच्छ दिसत होते. "बंद!" म्हणत त्यांनी जुन्या सवयीने चकवर थाप मारायला हात उचलला.

ऋजुताने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातातली खराट्याची काडी चकला टेकवली. काडीचे तुकडे भिंतीपर्यंत उडाले. "लुकलुक फेऱ्यांशी जुळली की फिरतं चक थांबलेलं दिसतं!" ती ओरडली.

ऑफिसात परतल्यावर चहा आला. काकांनी कप डाव्या हाताने उचलला. उजवा हात खिशातच होता.

"दुसरीच चिप घे," ते म्हणाले. "आणि खोक्यावरची ती रंगीत छपाई रद्द कर. साधं खोकं चालेल, चिपचा खर्च तिथून निघेल."