दुसरी खुर्ची

"सहाना कुठे गेली?" ग्रीनरूमच्या दारातून अप्पारावांनी विचारलं.

"पाणी प्यायला, ताता." आजोबांकडे बघायला पवित्राने मान वर केली नाही. मांडीवर लाल रुमाल बांधलेलं व्हायोलिन, हातात नेलकटर. व्हायोलिनवाल्यांना सारखी नखं कापायची खोड असते. अप्पारावांच्या मुलालाही होती.

"चल, आई बोलावते. तुझी बटणं लावायचीत म्हणे."

सोळा वर्षांची घोडी, आणि कोटाची बटणं आईने लावायची! वेदवती मात्र खुशीत लावत होती. "अय्यो, सरळ उभी राहा की गं. मी पहिल्या रांगेत बसते. तुझी बोटं दिसायला हवीत मला."

ती बोटं म्हणजे वेदवतीचं देवघर. नवरा गेला तो बोटांपासूनच. आधी श्रीहर्षच्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली, मग हात, मग पाय, शेवटी श्वास. हे दुखणं रक्तातून उतरतं, मुलीवर लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून चामराजपुरमच्या घरात व्हायोलिन सुरू झालं की वेदवती गॅस बंद करून समोर येऊन बसे. बोटं तारांवर नाचली की तिला झोप लागे. मागे पोरगी ताप आला म्हणून निजली, तर हिने तिला रिक्षात घालून थेट मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं.

अप्पारावांचं दुखणं वेगळं. "सहानाला पहिली खुर्ची आणि आमच्या पोरीला दुसरी," हॉलमध्ये बसता बसता ते पुटपुटले. "आमचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते."

"घोड्यावर बसून व्हायोलिन वाजवत होते काय, मामंजी?"

म्हाताऱ्याने कार्यक्रमपत्रिका उघडली.

ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या मंजुनाथ सरांनी छडी उचलली. सुरुवात खालच्या सुरांची होती. मोठी वाद्यं घुमत राहिली आणि व्हायोलिनवाली पोरं मांडीवर वाद्य ठेवून वाट बघत राहिली. वेदवती पुढे सरकून बसली. सरांचा डावा हात वर गेला, सगळे गज एकदम उठले, आणि पहिल्याच जोरकस सुराला सहानाची तार ताडकन तुटली.

ऑर्केस्ट्राची एक रीत असते. पहिल्या खुर्चीची तार तुटली तरी संगीत थांबत नाही. शेजारच्याने आपलं व्हायोलिन तिला द्यायचं आणि तुटकं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत गप्प बसायचं.

सहानाने न बघता हात पुढे केला. पवित्राने व्हायोलिन दिलं.

"हे काय हो, मामंजी? माझ्या पोरीचं का घेतलं?"

मागून कुणीतरी शूऽऽ केलं. पवित्राच्या मांडीवर आता सहानाचं लाल रुमालाचं व्हायोलिन होतं, आणि ते अप्पारावांनी मघाशी ग्रीनरूममध्येही तिथेच पाहिलं होतं.

सहानाचा सोलो सुंदर झाला. शेवटी सरांनी पवित्रालाही उभं केलं, तेव्हा लोकांनी तिच्यासाठी जास्तच टाळ्या वाजवल्या. वेदवती रडत होती. ते कौतुकाने की बोटं न दिसल्यामुळे, तिलाच ठाऊक.

पडद्यामागे अप्पारावांनी नातीला कोपऱ्यात गाठलं.

"तार तू घासलीस. नेलकटरच्या कानशीने."

पवित्राने पेटीची कडी लावली.

"एवढी जळतेस तिच्यावर? वाटलं, ती उठेल आणि सोलो तुला मिळेल? अगं, दोन वर्षं शेजारी बसतेस, रीत ठाऊक नव्हती तुला?"

"ठाऊक होती, ताता."

"मग?"

"आईला सांगू नका."

"का नको? कळू दे तिला, काय पोर..."

तेवढ्यात वेदवती पदरात धरून कॉफीचा स्टीलचा पेला घेऊन आली. "धर गं. जपून, उकळती आहे, कडेला धर." पवित्राच्या उजव्या हातात व्हायोलिनची पेटी होती, तिने डावा हात पुढे केला. तिकडून सहानाच्या आईने हाक मारली, तशी वेदवती वळली.

"दे इकडे," म्हणत अप्पारावांनी पेल्याला हात लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. बोटांवर फुंकर घालत त्यांनी वर पाहिलं.

तोच पेला डाव्या मुठीत घट्ट धरून पवित्रा आईकडे बघून हसत होती.