काचघर

नळातून फुस्स आवाज आला आणि पल्लवी दचकली. पाणी यायची वेळ, म्हणजे एक वाजला. हर्षाली साडेबाराला शाळेतून घरी येते.

ती पुन्हा गॅलरीत गेली. गंगापूर रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत ऊन सोडून काही नव्हतं. मागे बादली भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही.

रिक्षा आली ती एक वाजून दहा मिनिटांनी. पल्लवी अनवाणीच जिना उतरली. मागच्या सीटवर वरच्या मजल्यावरची जुळी, मध्ये एक दप्तर. हर्षाली नव्हती.

“सहादूकाका, माझी कुठाय?”

सहादूने दप्तर तिच्या हातात दिलं. “पंक्चर झालं म्हणून उशीर झाला, वैनी. अन् तिला तर तिचे आजोबा घेऊन गेले ना, शाळेच्या फाटकापासून. मी आधी नाय म्हटलं. पण तुमचं नाव, माहेरचं आडनाव, सगळं बरोबर सांगितलं बघा. अन् पोरगीच पळत गेली त्यांच्याकडं.”

“तिला आजोबा नाहीत, काका.”

सहादूने रिक्षा बंद केली.

समोरच्या फ्लॅटमधल्या वत्सलाबाई तोवर खाली आल्या होत्या. “मनोजचे वडील तर तो लहान असतानाच गेले. आणि तुझे तुझ्या लग्नाच्या वर्षी. हो ना गं?”

“हो.”

“मग हा कोण मेला थेरडा?” त्या सहादूकडे वळल्या. “आणि तुम्ही दिलीत पोर उचलून? उद्या कोणी म्हणालं मी कलेक्टर, तर त्यालाही द्याल?”

“चांगलं टोपी-सदऱ्यातलं माणूस होतं हो, बाई. गाडीतून आलतं.”

“कसली गाडी?” पल्लवीने विचारलं.

“जुनी. उंच. मागं दारंच नव्हती तिला. नुसती भलीमोठी काच, पार टपापर्यंत वळलेली.”

पल्लवी जिन्याच्या पायरीवर बसली.

परवा सकाळी वेणी घालताना हर्षालीने सहज विचारलं होतं, “आई, काचघर म्हणजे गाडी असते ना?”

“कोणी सांगितलं तुला?”

“असंच.” पोरगी रिबिनीशी खेळत राहिली. मनोज म्हणाला होता, तूच कधी बोलली असशील. पल्लवी बोलली नव्हती.

तो शब्द कुठे ऐकायला मिळणारा नव्हता. ब्याण्णव-त्र्याण्णव साली पंचवटीतला भाजीचा गाळा बंद झाला, की बाबा आणि ती दिंडोरी नाक्यावर कठड्यावर बसायचे. गाड्या बघायला. दोघांत शेंगदाण्यांची एक पुडी. अँबॅसॅडर म्हणजे मावशी. फियाट म्हणजे बेडकी. कॉन्टेसा आली की बाबा उभेच राहायचे, ती पाटलीण. आणि टाटा सिएरा, महिन्यातून एखादी दिसायची, ती काचघर.

“पलूबाई, पाटलीण लोकांना दाखवायला,” बाबा म्हणायचे, “काचघर आपल्याला बाहेर बघायला. घेतली की पहिली चक्कर तुझी.”

आईलाही ही नावं माहीत नव्हती. तिच्या लेखी सगळ्या गाड्या सारखीच धूळ उडवायच्या.

काचघर काही आलं नाही. मनोज आला. कोर्टात लग्न झालं. त्या दुपारी कोर्टाच्या फाटकातून बाहेर पडणारी बाबांची पाठ तिने पाहिली, ती शेवटची.

हर्षालीला तिने साधी मावशी-बेडकीसुद्धा कधी सांगितली नव्हती. परवापर्यंत तो शब्द जगात दोघांनाच ठाऊक होता. आणि त्यातली एक इथे पायरीवर बसली होती.

वत्सलाबाईंनी तिला वर नेलं, फोन लावून दिला. अंबडच्या कारखान्यात मनोज फोनवर यायला चार मिनिटं लागली.

“आजोबा म्हणाला तो?”

“हो.”

“गाडी कुठली होती?”

तिने सांगितली. “काचघर,” मशीनच्या घरघरीतून मनोज म्हणाला.

“पोलिसांत जाऊ का?”

“थांब. मी निघतोय. पल्लवी... दार उघडं ठेव.”

तिने दप्तर उघडलं. डब्यात तूप-साखरेची अर्धी पोळी, एका बाजूने उंदराने कुरतडावी तशी खाल्लेली. तिने झाकण लावलं, पुन्हा काढलं. नदीचा घाट, हायवे, उसाचे फड, एकेक जागा डोळ्यांसमोर येत होती आणि प्रत्येक जागी लाल रिबिनी दिसत होत्या. सहादू खाली रिक्षात डोकं धरून बसला होता. त्याला घरी जा म्हणायलाही कोणाला सुचलं नाही.

पावणेतीनला खाली गाडीचं दार वाजलं.

ती गॅलरीत धावली तोवर वळणावर नुसती एक वळलेली काच दिसली. तिच्यात आभाळ होतं. मग तेही गेलं.

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग दोन एकदम. दारात हर्षाली उभी होती, ओठांभोवती लाडवाचा चुरा, आणि वेण्या नव्याने घातलेल्या, चापून, तेल लावून.

पल्लवीने तिचे हात चाचपले, गुडघे, मान. मग इतकं आवळलं की पोरगी ओरडली, “दुखतंय ना!”

“कोण होतं ते? कुठे नेलं तुला?”

“आजोबा! पंचवटीचे. तू म्हणाली होतीस देवाघरी गेले. नाही गेले काही. आजीपण नाही गेली. तिनेच वेण्या घातल्या.”

वत्सलाबाई पल्लवीकडे बघत राहिल्या. पल्लवीने मान वर केली नाही.

“त्यांच्याकडे तुझा एवढा मोठा फोटो आहे. त्याला चंदनाचा हार घातलाय, पुढे दिवा पण लावलाय. मी म्हटलं, ही तर माझी आई! तर आजी रडायलाच लागली.” हर्षालीने दोन्ही हातांनी तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. “आई, तू कधी गेली होतीस देवाघरी?”