शंभर रुपयांची कपात

"रस्त्यांच्या निधीत कपात करा, असं संसदेत तुम्हीच सांगितलंत?" पायरीवरूनच सरपंच मंदाकाकूंनी पेपर नाचवला.

नव्या खासदार शकुताईंनी कपाळावर हात मारला. "अहो काकू, अर्थसंकल्पात तशी रीतच आहे! खात्याच्या पैशांतून शंभर रुपये कापा, अशी सूचना द्यायची. मग आपल्याला हायवेखालून भुयारी रस्ता हवाय, हे बोलायला मिळतं. खरोखर कोणी कापत नाही हो! सकाळपासून सातव्यांदा सांगतेय मी हे!"

"मग काय बोललात?"

ताईंचा आवाज एकदम खाली आला. शाळेतून येताना काकूंची नात त्याच हायवेवर ट्रकखाली गेली, तिथपासून सुरू होणारं भाषण त्यांनी तीन आठवडे घोटलं होतं. "रस्त्यांच्या खात्याची पाळी येण्याआधीच वेळ संपली. उरलेल्या सगळ्या खात्यांचे पैसे चर्चा न करताच मंजूर झाले. तीही रीतच आहे."

"आणि तुमची सूचना?"

"सगळ्यांबरोबर फेटाळली."

काकूंनी पेपर घडी करून काखोटीला मारला. "म्हणजे शंभर रुपयेसुद्धा कापता आले नाहीत तुम्हाला," म्हणत, ताईंनी पुढे केलेल्या पाण्याला हातही न लावता त्या पायरी उतरल्या.