माहिताबची खिडकी

बुलडोझरनं फाटक आडवं केलं तेव्हा झुफार दारातल्या पायरीवर बसून दुधाचा चहा पीत होता.

"झुफार-अब्झी, कधीपासून सांगतोय, सामान हलवा म्हणून," पाडकाम खात्याचा साहेब इल्गिझ म्हणाला. वयानं मोठ्या माणसाला तो कधी नुसत्या नावानं हाक मारत नसे. घर पाडतानासुद्धा नाही. "मला काय हौस आहे का? वरून हुकूम आहे."

शहराचा मोठा वाढदिवस तोंडावर आला होता. जुनं कझान बघायला जगभरातून पाहुणे येणार होते, आणि त्यांच्या नजरेला जुनी घरं पडू नयेत म्हणून काबान तलावाकाठची तातार वस्ती साफ करणं चाललं होतं. झुफारचं घर खाली विटांचं, वर लाकडाचं. त्याच्या पणजोबानं जन्मभर चामड्याचे बूट शिवून ते उभं केलं होतं. झुफार स्वतः याच घरात जन्मला, इथूनच ट्राम चालवायला जायचा, आणि इथंच मरायचं असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

बुलडोझरनं गल्ली अडवली होती. त्यामागे पर्यटकांचा एक घोळका अडकला. किल्ला झाला, कलता मनोरा झाला, निळ्या घुमटाची मशीद झाली. आता जेवायला निघालेली माणसं. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ती झुफारच्या घराचे फोटो काढायला लागली.

"त्या खिडकीत मोजे का लटकवलेत?" एका बाईनं विचारलं.

मोजे झुफारचेच होते. त्याच्या बायकोनं, मैसरानं, सकाळीच वाळत घातले होते. पण झुफारच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"ती माहिताबची खिडकी आहे, बाई! व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी. तिचा प्रियकर तांड्याबरोबर बुखाऱ्याला गेला. जाताना म्हणाला, थंडीच्या आत येतो. ती खिडकीत बसून त्याच्यासाठी मोजे विणत राहिली. तो काही आला नाही. मोजे विणता विणताच ती गेली, याच खिडकीत. तेव्हापासून आम्ही इथे मोजे टांगतो. आणि आज हे लोक ती खिडकी पाडतायत!"

बाईनं डोळे पुसले. घोळक्याची गाईड इलसियार इतिहास शिकलेली होती. तिनं एकवार झुफारकडे पाहिलं, एकवार बुलडोझरकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, फार प्रसिद्ध आख्यायिका आहे. इथले सगळेच सांगतात."

सगळ्यांचे फोन वर झाले. बुलडोझर, म्हातारा, मोजे, सगळं एका चौकटीत. इल्गिझनं टाय सारखा केला आणि यंत्र मागे घ्यायला लावलं.

"काय बोलून बसलास, म्हाताऱ्या!" तो आत आल्यावर मैसरा म्हणाली.

"घर वाचवलं," झुफार म्हणाला. त्या दिवशी त्यानं मांस-बटाट्याचे तिकोनी एचपोचमक जरा जास्तच हाणले.

मग लोक येऊ लागले. आधी दोघे-तिघे, मग बसगाड्या भरभरून. लग्न ठरलेल्या पोरी कुंपणाला मोज्याचा जोड बांधून जाऊ लागल्या. लग्न न ठरलेल्या एकच मोजा बांधत. कोपऱ्यावरच्या दुकानात 'माहिताबचे मोजे' मिळू लागले. मैसरा सुरुवातीला चिडचिड करायची, मग कौतुकानं चहा आणि मधात घोळलेली चकचक मिठाई वाटायला लागली. इलसियार प्रत्येक घोळक्याला गोष्ट सांगायची, आणि दर वेळी प्रियकराचा घोडा अधिक पांढरा होत जायचा. झुफार खिडकीतून ऐकायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा.

शरद संपत आला तेव्हा इल्गिझ पुन्हा आला. या वेळी बुलडोझर नव्हता. हातात फुलं होती.

"अभिनंदन, झुफार-अब्झी! अभिनंदन, मैसरा-अपा! तुमचं घर आता स्मारक झालं. कुणाची हिंमत नाही एका फळीला हात लावायची."

मैसरानं त्याला बळेच बसवून चहा ओतला. इल्गिझ चहा प्यायला, बशी पुसली आणि म्हणाला, "शनिवारी ट्रक पाठवतो. रिंगरोडच्या पलीकडे नवव्या मजल्यावर छान फ्लॅट आहे. लिफ्टसुद्धा बसणार आहे."

"कुणाला फ्लॅट?"

"तुम्हाला. अब्झी, जिथे माहिताबनं प्राण सोडला, तिथे तुम्ही कांदे परतणार? एवढा अमूल्य वारसा! इथे माणसांनी राहून कसं चालेल?"

झुफार उठला, भिंतीला हात लावून उभा राहिला. मग डोक्यावरची टोपी काढून त्यानं ती टेबलावर ठेवली. आयुष्यात कुठल्या साहेबासमोर त्यानं टोपी काढली नव्हती.

"साहेब, मी खोटं बोललो. माहिताब कुणी नव्हतीच. हे बूट शिवणाऱ्या माझ्या पणजोबाचं घर आहे, इथे कुठून येणार व्यापाऱ्याची पोर? ती गोष्ट मी तिथल्या तिथे रचली. तुम्ही समोर उभे होतात! मोजे माझे होते. मैसरा, सांग त्यांना."

"ह्यांचेच होते," मैसरा म्हणाली. "टाचेला भोकसुद्धा होतं."

इल्गिझनं कप खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला. तो नाटक करत नव्हता. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"मला काय हवं ते बोला, झुफार-अब्झी," तो म्हणाला, "पण माझ्या आजीला खोटं पाडू नका. लहानपणी माहिताबची गोष्ट ऐकल्याशिवाय मी झोपत नसे."