पहिली घंटा

"मनी पोर काय मेंढरू शे का? घंटा वाजनी का थांब, घंटा वाजनी का चाल?"

बेबाबाई ऑफिसच्या दारात उभी राहून बोलत होती. चपला तिने बाहेर काढल्या होत्या, आवाज मात्र थेट आत नेला होता. कपाशी वेचायचं काम सोडून ती भडगावहून इथवर आली होती, ती काही हळू बोलायला नाही.

मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टा खुर्चीतून उठल्या. वसईकडच्या असल्या तरी गिरणेकाठच्या या मिशनच्या शाळेत त्यांचे केस पांढरे झाले होते. अहिराणी त्यांना सगळी समजे.

"बसा ना, अक्का."

"मी बसाले नही उनी. काल तिले भर उन्हमा उभी करी. काय करं तिनी? पळनी, इतलंच ना?"

"पहिल्या घंटेनंतर पळाली." सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पहिली घंटा झाली की जो जिथे असेल तिथे थांबतो. बोलत नाही, हलत नाही. दुसरी झाली की रांगेत येतो. पहिलीतली मुलंही पाळतात."

"पन कसाले?"

"सवय असावी म्हणून," त्या म्हणाल्या.

या उत्तराने बेबाबाई आणखीच भडकली. "मंग ऱ्हाऊ द्या तुमनी सवय. तिन्हं नाव काढी लेसू मी. आजच."

"मधली सुट्टी संपू द्या. डिंपलला बोलावते," सिस्टर म्हणाल्या.

बेबाबाई व्हरांड्यात आली. मैदान पोरांनी नुसतं उसळत होतं. धुळीत, बरोबर मधोमध, तिची डिंपल शिवाशिवी खेळत होती. घरी एका जागी बसून अर्धी भाकरही न खाणारी पोर. मैदानाच्या कडेला पाण्याची उंच टाकी होती आणि टाकीच्या पोटाला आग्या माश्यांचं मोहोळ लटकलं होतं. ते काढायला सांगून ठेवलेला माणूस अजून आला नव्हता.

एक घार खाली आली, तिने मोहोळावर झडप घातली आणि निघून गेली. मोहोळाचा एक लचका टाकीखालच्या फरशीवर पडला. मग पिठाची गिरणी सुरू व्हावी तसा आवाज झाला.

बेबाबाईला तो आवाज ठाऊक होता. आग्या माश्यांनी मारलेला बैल तिने बांधावर पाहिला होता. बैल उधळला होता, म्हणून मेला होता. शेजारचा गडी बसल्या जागी घोंगडीत शिरला, तो वाचला होता.

मैदानात कुणीतरी किंचाळलं. पोरं फाटकाकडे वळली.

सिस्टर ऑफिसमधून बाहेर आल्या. त्या धावल्या नाहीत. व्हरांड्याच्या टोकाशी गेल्या, घंटेची दोरी धरली आणि एकच टोल दिला.

मैदान थांबलं.

लंगडी घालणारी पोर एका पायावर थांबली. ज्याच्या तोंडात घास होता, तो घास तसाच धरून थांबला. फाटकाकडे निघालेले तिथेच, हात हवेत, थांबले. नळ तेवढा वाहत राहिला. आणि त्या सगळ्यांवर माश्यांचा काळा पडदा उतरला.

बेबाबाईचा एक पाय पायरीखाली गेला होता. खेळता खेळता इकडे आलेली डिंपल दहा पावलांवर, कुणालातरी शिवायला हात लांब करून उभी होती. माश्या तिच्या तेल लावलेल्या वेणीवर बसल्या. कानावर बसल्या. एक गालावरून चालत डोळ्यापाशी आली. बेबाबाईच्या छातीतून हाक वर आली, पदर पोरीवर टाकायला हात उचलला गेला.

तेव्हा डिंपलने तिच्याकडे पाहिलं. मान न हलवता, फक्त डोळ्यांनी. पाहुण्यांसमोर आई पोराला डोळ्यांनी दटावते, तशी ती आईला दटावत होती.

बेबाबाईने हाक गिळली. हात होता तिथे राहिला.

पहिलीतल्या एका पोराची चड्डी ओली झाली, गालांवरून पाणी वाहत होतं, पण हुंदका नाही. सिस्टरांची पांढरी बाही माश्यांनी काळी झाली होती. एक पापणी बघता बघता सुजून मिटली. दोरीवरचा हात सुटला नाही. इतकी माणसं एके ठिकाणी असून बेबाबाईला कुणाचा श्वासही ऐकू येत नव्हता. तिने लग्नं पाहिली होती, मयती पाहिल्या होत्या, अशी शांतता नव्हती पाहिली. ही सगळी तिच्याच गावासारख्या गावांतली, नाक वाहणारी, भांडणारी पोरं होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माश्या वर उठल्या, एकमेकींत गुंतल्या आणि जाड दोरासारख्या नदीकडे निघून गेल्या.

दुसरी घंटा झाली.

पोरं रांगेत आली. डंख बसलेल्यांना बाई एकेक करून आत नेऊ लागल्या. शिपाई तोताराम सिस्टरांपाशी गेला आणि दोरीवरची त्यांची बोटं त्याने हळूहळू सोडवली. मग कुठे त्या पायरीवर बसल्या.

रांगेतून डिंपलने हात वर केला. सिस्टरांनी उघड्या राहिलेल्या एका डोळ्याने पाहिलं आणि मान हलवली.

पोर आईजवळ आली. तिचा गाल फुगत चालला होता. बेबाबाई अजून तशीच होती, एक पाय खाली, एक वर, हात अर्धवट उचललेला. डिंपलने तो हात धरून खाली घेतला.

"माय," ती म्हणाली, "दुसरी घंटा व्हई गयी. आते तू हालनी तरी चाली."