मायची मूठ

फौजेत स्वयंपाकी असलेल्या देविदासचा वसमतला फोन आला. पलटणीच्या पाककृतींच्या पुस्तकात मायच्या हातची येसर आमटी छापायची होती. “माय, येसराचं पीठ किती टाकतीस?” “मूठभर,” रुक्माबाई म्हणाली. “पुस्तकात मूठ चालत न्हाई, ग्रॅम लागतात. काट्यावर मोजून सांग.” सून निलमनं वजनकाटा पुढ्यात घेतला आणि गुपचूप स्वतःचीच मूठ त्यावर रिकामी केली. “चाळीस ग्रॅम.” “एवढंच? ही मायची मूठ न्हाई. तिलाच मोजू दे.” निलमनं काटा सासूपुढं सरकवला. मागच्या महिन्यात लकवा मारल्यावर, ‘लेकरू तिकडं एकटं, उगं त्याच्या जिवाला घोर नको’ म्हणत रुक्माबाईनंच कळवू दिलं नव्हतं. तिनं डाव्या हातानं उजवा उचलून डब्यात बुडवला. बोटं मिटलीच नाहीत. काट्यापर्यंत येता येता पीठ मांडीवर सांडलं. “बोल ना माय,” देविदास हसत म्हणाला, “किती भरलं?”